पुसलं तरी जाईना : एका स्नॅपशॉटचा इतिहास

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या कॉम्प्युटरमधली जागा संपली.

आमच्या म्हणजे, अंबाजोगाईत मी आणि माझा एक मित्र मिळून जे काम करतो त्याच्या. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या लोखंडी पेटीत, कुणाच्या देवघरामागं कापडात बांधून ठेवलेली जुनी दप्तरं आम्ही मागून आणतो, स्कॅन करतो आणि परत नेऊन देतो. संस्था नाही, अनुदान नाही. एक जुना पीसी, त्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर तीच माहिती, एक गेली तर दुसरी राहावी म्हणून. फाइल सिस्टिम झेडएफएस. कागद बरेचसे निजामाच्या राजवटीतले. वर तालुका मोमिनाबाद लिहिलेलं असतं, ते अंबाजोगाईचं तेव्हाचं सरकारी नाव. सन फसली, महिना बहमन नाहीतर खुर्दाद, मजकूर कुठं उर्दू तर कुठं मोडी. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, हे आता झोपेतही येतं.

पहिल्या वर्षीचे स्कॅन वाईट झाले होते. ट्यूबलाइटचा पिवळट पट्टा प्रत्येक पानावर. नंतर आम्ही तीच दप्तरं पुन्हा मागून आणली आणि नीट स्कॅन केली. त्यामुळं जुनी ३८ हजार पानं तशीच पडून होती. एक पान साधारण २५ एमबीचं, म्हणजे साडेनऊशे जीबीचा कचरा. एका रविवारी बसून तो सगळा पुसला. पुसायला बराच वेळ लागला. मग मोकळी जागा किती झाली ते बघितलं, तर आकडा जिथल्या तिथं.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "पुसलंस का नुसतं झाकलंस?" त्याला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. मोडी मात्र तो पेपर वाचावा तशी वाचतो. पण त्याचा प्रश्न बरोबर जागी लागला होता.

भानगड स्नॅपशॉटची होती. नावावरून वाटतं की फोटो काढतात तशी ही एक प्रत असेल. प्रत नसते. आजच्या तारखेला डिस्कवर जे जिथं आहे ते तिथून हलवायचं नाही, एवढा तो हुकूम असतो. म्हणून स्नॅपशॉट घ्यायला सेकंदसुद्धा लागत नाही आणि घेताना जागाही लागत नाही. जागा खातो तो नंतर, तुम्ही पुसायला लागलात की. फाइल आजच्या यादीतून जाते, पण तिचे तुकडे डिस्कवर राहतात, कारण त्या जुन्या तारखेला ते हजर होते. आमच्याकडं दर महिन्याच्या एक तारखेला आपोआप स्नॅपशॉट घेतला जायचा. मी पुसलेलं प्रत्येक पान त्या सगळ्यांत जसंच्या तसं होतं.

मग स्नॅपशॉट पुसायला घेतले. बाकीचे एकेक करून गेले, तरी जागा हलली नाही. एक मात्र जाईना. १ मार्च २०२३ चा.

हा हुकूम पहिल्यांदा कुणी काढला ते बघायला गेलं की गंमत कळते, म्हणून थोडं मागं जाऊ. कॉम्प्युटरची जुनी सवय पाटीची. नवा मजकूर आला की जुना पुसून त्याच जागी लिहायचा. यात धोका असा की अर्धं लिहून झालं आणि लाईट गेली, तर जुनंही जातं आणि नवंही. बीडमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. १९७७ साली आयबीएममधल्या रेमंड लोरी यांनी डेटाबेससाठी यावर एक उपाय मांडला: जुन्याला हात लावायचा नाही, नवं दुसऱ्या जागी लिहायचं, आणि सगळं नीट लिहून झालं की शेवटी फक्त बोट जुन्यावरून नव्याकडं वळवायचं. आपल्याकडं वहीखाते लिहिणारा मुनीम आकडा चुकला तर खोडून काढत नाही, खाली दुरुस्तीची नोंद टाकतो, त्यातलाच हा प्रकार. बोट वळलं की जुनी पानं रिकामी समजायची. पुढच्या लोकांना सुचलं ते एवढंच, की ती रिकामी कशाला समजायची? तशीच ठेवली तर कालचा दिवस फुकटात मिळतो.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये, जिथं युनिक्स जन्मलं तिथंच, १९९० च्या आसपास केन थॉम्प्सन आणि मंडळी प्लॅन नाइन नावाची नवी सिस्टिम लिहीत होती. तिच्या फाइल सर्व्हरमध्ये रोज पहाटे पाच वाजता सगळ्या फाइलींची त्या दिवसाची अवस्था कायमची बंद व्हायची. ठेवायची जागा म्हणजे ऑप्टिकल तबकड्या, एकदाच लिहिता येणाऱ्या. त्यांचं सगळं मिळून ३५० जीबीचं कपाट होतं. वर्ष आणि तारखेच्या नावाचं फोल्डर उघडलं की त्या दिवशीचं सगळं समोर. 'येस्टरडे' नावाची एक कमांडच होती, फाइलीची कालची आवृत्ती दाखवणारी. पुसायचा प्रश्नच नव्हता, कारण ती तबकडी पुसलीच जात नाही.

आमच्या गावात हे पटकन समजतं. दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत आहे, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या माणसानं लांबच लांब कापडावर लिहिलेली. कापडावर शाई पडली ती पडली.

पण कापड महाग आणि तबकड्याही महाग. १९९२ साली निघालेल्या नेटअ‍ॅप कंपनीनं साध्या, पुसता येणाऱ्या डिस्कवर हेच जमवलं आणि स्नॅपशॉट हा शब्द रूढ केला. डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये त्याची रचना छापून प्रसिद्ध केली. इथं पुसण्याची अडचण पहिल्यांदा उभी राहिली. डिस्कचा एखादा तुकडा मोकळा करायचा, तर तो आणखी कोणत्या तारखेला लागतो ते कळणार कसं? त्यांनी प्रत्येक तुकड्यासमोर हजेरीपट ठेवला. प्रत्येक स्नॅपशॉटला एक रकाना, तुकडा त्या तारखेला लागत असेल तर खूण. सगळे रकाने कोरे झाले की तुकडा मोकळा. हजेरीपटाची रुंदी ठरलेली, म्हणून सुरुवातीला स्नॅपशॉट जास्तीत जास्त २०.

२००१ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मॅट अ‍ॅरेन्स यांनी झेडएफएस लिहायला घेतलं, आणि २००५ च्या ३१ ऑक्टोबरला ते सोलारिसमध्ये आलं. त्यांनी हजेरीपट काढून टाकला. त्याऐवजी जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. प्रत्येक तुकड्यावर त्याचा जन्म कधीचा ते लिहिलेलं. आज तुम्ही काही पुसलं आणि त्याचा जन्म शेवटच्या स्नॅपशॉटनंतरचा असेल, तर ते लगेच मोकळं. आधीचा असेल तर मृतांच्या यादीत नाव जातं, पण जागा सुटत नाही. पुढं एखादा स्नॅपशॉट पुसला की ती यादी चाळून, त्याच्या मागच्या स्नॅपशॉटनंतर जन्मलेले तेवढे मोकळे करायचे. त्यामुळं स्नॅपशॉट २० असोत की हजारो, फरक पडत नाही. नेटअ‍ॅपला यात आपली कल्पना दिसली. २००७ मध्ये त्यांनी सनवर पेटंटचा दावा लावला, सननं उलट दावा लावला, आणि २०१० मध्ये दोघांनी आपापले दावे मागं घेतले. त्याच २००७ मध्ये ख्रिस मेसननं लिनक्ससाठी बीटीआरएफएस सुरू केलं. तुमच्या हातातल्या फोनमध्येही हेच शिरलंय. अँड्रॉइड ११ पासूनच्या बऱ्याच फोनमध्ये मोठं अपडेट आधी स्नॅपशॉटवर उतरतं आणि फोन नीट चालू झाला तरच पक्कं होतं. अपडेटच्या वेळी जागा अचानक कमी दिसते, त्याचं एक कारण हे.

आता आमच्या मार्च २०२३ कडं. पुसायला सांगितलं की झेडएफएस उत्तर द्यायचं: या स्नॅपशॉटवर क्लोन अवलंबून आहे. आणि खाली, अगदी मदत केल्यासारखं: खालच्यासकट सगळं पुसायचं असेल तर कमांडमध्ये मोठा आर लावा.

स्नॅपशॉट फक्त वाचता येतो. पण त्याच्यावर उभा करून एक नवा फोल्डर काढता येतो, ज्यात लिहिता येतं. तो क्लोन. जुनं सगळं त्यात दिसतं, जागा मात्र नव्यानं लिहिलेल्यालाच लागते. एखादा प्रयोग मूळ फाइलींना धक्का न लावता करायचा असेल तर फार सोयीचं. पण क्लोन जुन्या तुकड्यांवर उभा असतो, म्हणून पायाखालचा स्नॅपशॉट काढता येत नाही. खाली छापलेलं क्लोनचं नाव होतं 'चाचणी'.

इंटरनेटवर शोधलं तर निम्मे लोक सांगत होते, मोठा आर लाव आणि मोकळा हो. नावच चाचणी. कुणाच्याही कॉम्प्युटरमध्ये चाचणी, नवीन, फायनल, फायनल-दोन असली फोल्डर असतात आणि त्यांच्यासाठी कुणी रडत नाही. मी कमांड टाइप केली होती. एंटर दाबायच्या आधी मित्राला सहज विचारलं, चाचणी तुझं आहे का रे?

"माझंच. त्यातच तर लिहायलोय."

दोन वर्षांपूर्वी मीच त्याला ते काढून दिलं होतं. त्याच्या हातून मूळ स्कॅन बिघडू नयेत म्हणून. प्रत्येक पानाशेजारी तो त्या पानाचं देवनागरी लिप्यंतर टाकत होता, आणि नवे स्कॅन आले तरी त्यानं बैठक बदलली नव्हती. दोन वर्षांचं काम 'चाचणी' नावाच्या फोल्डरमध्ये होतं. कमांड बरोबर होती, स्पेलिंग बरोबर होतं, आणि एक एंटर मारला असता तर ते सगळं गेलं असतं.

हे वाचणारं कुणी असल्याच पेचात असेल तर एवढं करा. मोठ्या आरच्या आधी स्नॅपशॉटची 'क्लोन्स' ही माहिती मागा, कोण कोण वर उभं आहे त्याची यादी मिळते. उलट बाजूनं, फोल्डरचं 'ओरिजिन' विचारलं की तो कशावर उभा आहे ते कळतं. क्लोनच आता खरा कामाचा झाला असेल तर 'प्रमोट' म्हणून कमांड आहे. तिनं नातं उलटं होतं, क्लोन मूळ ठरतो आणि जुना मूळ त्याच्यावर अवलंबून राहतो. जागा त्यानं लगेच सुटत नाही, पण काय पुसायचं हे तुमच्या हातात येतं. आणि पुसण्याच्या कमांडला बारीक एन आणि व्ही लावले तर ती काहीच पुसत नाही, पुसलं तर किती जागा सुटेल तेवढं सांगते. हे बघणं भाग आहे, कारण प्रत्येक स्नॅपशॉटसमोर दिसणारा जागेचा आकडा फसवा असतो. तो फक्त त्याच्या एकट्याच्या मालकीचा. सामाईक विहिरीत चार भावांचा हिस्सा असेल आणि एकानं हिस्सा सोडला, तर विहीर बुजत नाही. माझे बाकीचे स्नॅपशॉट गेले आणि जागा हलली नाही, ती यामुळं.

लिप्यंतर म्हणजे नुसता मजकूर, चार-पाच एमबी. ते पेन ड्राइव्हवर घेतलं. आता क्लोन पुसायचा, तर मित्र म्हणाला, "थांब. धारूरकडचं दप्तर यातच आहे."

ते मी विसरून गेलो होतो. त्या घरी आम्ही पुन्हा स्कॅन करायला गेलो तेव्हा दप्तराला वाळवी लागली होती. पेटी उघडली तर आत माती. २१२ पानं. पिवळ्या पट्ट्यासकटचे आमचे वाईट स्कॅन एवढंच त्यांचं उरलं होतं, आणि मी ते त्या रविवारी बाकीच्या कचऱ्याबरोबर पुसून टाकले होते. ते शिल्लक होते याच एका न जाणाऱ्या स्नॅपशॉटमध्ये आणि त्याच्यावरच्या 'चाचणी'मध्ये. त्यात काय होतं? शेतांच्या हद्दी, कुणाकडून किती महसूल आला, दोन घरांची वाटणी. बाहेरच्या माणसाला काहीच नाही. पण २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध लागला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. त्या वादात इथं शिरत नाही. ज्या कागदाकडं सत्तर वर्षं कुणी बघितलं नाही, त्याची वाट बघत लोक ओळीत उभे राहिलेले मी बघितलेत, एवढंच.

२१२ पानंही पेन ड्राइव्हवर घेतली, उघडून बघितली, मोजली, दुसऱ्यांदा मोजली. मग क्लोन पुसला. गेला. मग स्नॅपशॉट. आता उत्तर वेगळं: व्यग्र आहे.

अशा वेळी पीसी बंद करून चालू करायचा मोह होतो. मीही केला. काही उपयोग नाही. हे व्यग्र असणं डिस्कवर लिहिलेलं असतं. स्नॅपशॉटवर कुणीही 'होल्ड' लावू शकतं, एक छोटी चिठ्ठी: मी काढेपर्यंत याला हात लावू नका. 'होल्ड्स' विचारलं की चिठ्ठीवरचा शब्द आणि ती लावल्याची वेळ दिसते. आमच्या चिठ्ठीवर 'बॅकअप' होतं, तारीख २ मार्च २०२३, रात्रीची वेळ. मग आठवलं. तेव्हा मी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यायची स्क्रिप्ट लिहिली होती. सुरू होताना होल्ड लावायचा, सगळं कॉपी झालं की काढायचा. मध्येच लाईट गेली, बॅकअप अर्धवट राहिला, पुढं ती डिस्कही बिघडली, मी दुसरी पद्धत धरली. होल्ड काढणारी ओळ कधी चाललीच नाही. जिच्यासाठी थांबायचं ती डिस्क दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली होती आणि स्नॅपशॉट अजून थांबलेला.

मित्राला हे सांगितलं तर तो हसला. "हे तर अ.पा.क. झालं."

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालक कर्ता. सातबारावर लहान मुलाच्या नावे जमीन लागली की त्याच्यापुढं हे लिहून पालकाचं नाव घालतात. मूल सज्ञान झालं की शेरा निघायला हवा, पण आपोआप निघत नाही, कुणीतरी अर्ज करावा लागतो. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी गेले. वडील सात वर्षांचे. त्यांच्या नावापुढं अ.पा.क. लागलं, आणि आजीचं नाव. वडील सज्ञान झाले, त्यांचं लग्न झालं, आम्ही झालो, आजी गेली, ते साठीच्या पुढं गेले. सातबारावर ते अज्ञानच. घरात याची चेष्टा चालायची. मात्र सोसायटीच्या कर्जाच्या वेळी कुणीतरी शेऱ्यावर बोट ठेवायचं आणि मग चेष्टा थांबायची. कुणाची चूक म्हणावी? काढायला कुणी गेलंच नाही.

सातबारा आणि स्नॅपशॉट यांच्यातलं साम्य मला तोवर दिसलं नव्हतं. सातबारावरही जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात, आणि नव्या नावाशेजारी ज्या फेरफारानं ते आलं त्याचा नंबर लिहितात. त्या नंबराचा माग धरून गाव नमुना सहामध्ये जायचं, तिथून त्याच्या आधीच्या फेरफाराकडं, असं करत करत बीड जिल्ह्यात माणूस १९५४ च्या खासरा पत्रकापर्यंत पोचतो. तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो. १९४८ ला निजाम गेला होता, मुंबई राज्यात जायला १९५६ उजाडायचं होतं. आजचं प्रत्येक नाव त्या पत्रकातल्या कुठल्यातरी नावावर उभं आहे. खालचं काढलं तर वरचं कशावर टेकणार? म्हणून कंस. आणि म्हणूनच अ.पा.क., ए.कु.मॅ., तगाईचे बोजे असले कारण संपलेले शेरेही त्याच्याबरोबर वाहत आले. कोणता पाया आणि कोणती विसरलेली चिठ्ठी, हे कागदाला कळत नाही. झेडएफएसला तरी कुठं कळतं. त्याला दोन्ही सारखेच.

एक फरक आहे, आणि तो सातबाराच्या बाजूनं. फेरफारात कारण लिहिलेलं असतं: कुणाच्या मृत्यूमुळं, कोणत्या खरेदीखतानं. माझ्या होल्डवर एकच शब्द होता, आणि क्लोनचं नाव तर उघड खोटं होतं.

होल्ड काढला, स्नॅपशॉट गेला. जागा लगेच दिसत नाही, झेडएफएस मागं बसून सावकाश तुकडे मोकळे करतं. सकाळपर्यंत आकडा नऊशेच्या वर गेला होता. २१२ पानं नव्या फोल्डरमध्ये घातली, त्याचा स्नॅपशॉट घेतला आणि त्याला मी स्वतः होल्ड लावला. चिठ्ठीवर लिहिलं: धारूर दप्तर, मूळ वाळवीनं गेलं, पुसू नका.

त्याच उन्हाळ्यात राज्यभर जिवंत सातबारा मोहीम चालू होती. मयतांच्या जागी वारस लावणं, आणि पुढच्या टप्प्यात असले कालबाह्य शेरे कमी करणं. वडिलांनी अर्ज दिला. फेरफार पडला, नोटिशीची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी झाली. मी नवा सातबारा काढून आणला. चौपन्न वर्षांनी माझे वडील सज्ञान झाले.

त्यांनी चष्मा लावून कागद वरून खालपर्यंत बघितला. मग विचारलं, "मायचं नाव कुठंय?"

मी सांगितलं, शेऱ्याबरोबर गेलं. पालक म्हणून होतं ते, पालकाची गरज संपली. त्यांनी मान हलवली, पण कागद खाली ठेवला नाही. त्या सातबाऱ्याशिवाय आजीचं नाव कुठल्याच सरकारी कागदावर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

अर्जाला जोडायला म्हणून १९७१ च्या वारसाच्या फेरफाराची नक्कल आम्ही काढली होती. तिचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो काढून त्यांच्यापुढं धरला. शाई फिकी, अक्षर तिरपं, तिसऱ्या ओळीत आजी.

"मोठं कर," वडील म्हणाले.